‘सगळं करते ती अजून’: घरच्यांच्या सांगण्यावरून डिमेन्शियाची पायरी कशी ठरते

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ७४, दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं (डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, एक प्रकार) निदान झालेलं. मुलगी आईबरोबर राहते, मुलगा आठवड्यातून एकदा येऊन जातो. आजार कितपत पुढे गेलाय हे ठरवण्यासाठी दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. मुलाच्या उत्तरांवरून पायरी निघाली ‘अतिसौम्य’, मुलीच्या उत्तरांवरून त्यापुढची, ‘सौम्य’. मुलगी विचारते, आमच्यापैकी चुकलं कोण? आणि आईला समोर बसवून तपासता येत असताना आमच्या सांगण्यावर एवढी भिस्त कशासाठी?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

समोर बसवून घेतलेल्या चाचणीत वार, तारीख, तीन शब्द लक्षात ठेवणं, उलटी वजाबाकी असं काहीबाही विचारतात. शांत खोली, एकच माणूस, एका वेळी एकच प्रश्न. तिथे मेंदू काय करू शकतो ते कळतं. पण आजाराची तीव्रता म्हणजे चाचणीचे गुण नव्हेत. रोजच्या जगण्यातलं किती अजून त्या व्यक्तीच्या स्वतःच्या हातात आहे आणि किती दुसऱ्याच्या हातात गेलंय, ती तीव्रता. ३० गुणांच्या चाचणीवर शिक्षण, भाषा, कान, डोळे या सगळ्यांचा परिणाम होतो. आयुष्यभर शिकवण्याचं काम केलेली व्यक्ती २६ गुण मिळवते आणि घरी त्याच महिन्यात एकच बिल दोनदा भरते. शाळेत न गेलेली व्यक्ती २० वर अडकते आणि घर मात्र चोख चालवते. आजार पुढे गेला की बहुतेक उत्तरं चुकायला लागतात, गुण तळाला टेकतात आणि त्यापुढचा फरक चाचणीला दिसतच नाही.

शिवाय रुग्णाला स्वतःच्या उणिवेची जाणीव बहुतेकदा राहत नाही. याला अ‍ॅनोसॉग्नोशिया म्हणतात. ‘मी सगळं करते’ असं आई ठामपणे सांगते तेव्हा ती लपवत नसते की खोटंही बोलत नसते. आपलं काय चुकलं हे टिपणारी मेंदूतली यंत्रणाच आजाराने धरलेली असते. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराशिवाय गत्यंतर नाही.

आता हा साक्षीदार कुठे घसरतो ते पाहू. सगळ्यात मोठी गफलत ‘येतं’ आणि ‘करतात’ या दोन शब्दांत होते. ‘अंघोळ स्वतः करतात का?’ असं विचारलं की दहातले नऊ जण ‘हो’ म्हणतात. त्या ‘हो’वर थांबलं तर मोजमाप तिथेच फसलं. पुढे खोदून विचारावं लागतं. अंघोळीची वेळ झाली हे कोण सांगतं? एकदा सांगून जातात, की तीनदा सांगावं लागतं? बादलीतलं पाणी गरम-गार कोण बघतं? कपडे कोण काढून ठेवतं? नंतर साबण ओला असतो का? टॉवेल ओला असतो का? अंगावर कालचेच कपडे परत चढतात का? केस कोण धुतं? इतकं विचारल्यावर उत्तर बदलतं: ‘स्वतःच करते, पण पाणी मी काढून देते, कपडे ठेवते आणि दाराबाहेरून सांगत राहते, आता पाठ धू, आता पाणी घे.’ हे ‘स्वतः करणं’ नाही. मोजपट्ट्यांच्या हिशेबात नुसती आठवण करून द्यावी लागणं ही एक पायरी, हात लावून मदत करावी लागणं ही दुसरी आणि सगळंच दुसऱ्याने करणं ही तिसरी. एका ‘हो’खाली या तिन्ही पायऱ्या लपू शकतात.

म्हणून प्रत्येक कामाला तीन कसोट्या लावा. स्वतःहून सुरू करतात का? मध्ये कोणी न सांगता शेवटपर्यंत नेतात का? झालेलं काम धड असतं का, की मागाहून कोणीतरी निस्तरतं? ही तिसरी कसोटी घरातले सर्रास विसरतात, कारण निस्तरणं अंगवळणी पडलेलं असतं. गॅस बंद आहे ना हे रोज रात्री पाहणारा मुलगा ‘आई चहा करते’ एवढंच सांगतो. आपण दिवसातून चारदा पाहतो, हे त्याच्या लक्षातही नसतं.

औषधांच्या बाबतीत तर अंदाज बांधूच नये, मोजावं. महिन्याच्या पहिल्या तारखेला ३० गोळ्या आणून ठेवल्या, रोज एक घ्यायची असेल आणि १५ तारखेला रात्री २१ उरल्या असतील, तर १५ ऐवजी ९च गेल्या. ११ उरल्या असतील तर चार जास्त गेल्या, आणि ते अधिक धोक्याचं. ‘औषधं घेते ती वेळेवर’ या वाक्यापेक्षा हा आकडा शंभर पटींनी उपयोगी आहे.

पुढचा मुद्दा तुलनेचा. तुलना शेजारणीशी नाही, वयाच्या इतरांशी नाही. त्याच व्यक्तीच्या आधीच्या वागण्याशी. जी बाई आयुष्यात कधी बँकेत गेलीच नाही तिला आज बँकेचं काम जमत नाही, हा आजाराचा पुरावा होत नाही. फेफर यांच्या १९८२च्या दैनंदिन कामांच्या प्रश्नावलीत (दहा कामं, प्रत्येकी ० ते ३, एकूण ३०) यासाठी चांगली सोय आहे: काम पूर्वी कधी केलं नाही पण आज करायची वेळ आली तर जमेल असं वाटत असेल तर ०, पूर्वी केलं नाही आणि आज अवघड जाईल असं वाटत असेल तर १. त्याहून जास्त गुण फक्त मदत किंवा परावलंबित्व असेल तरच. घरच्यांनी त्या व्यक्तीची हातखंडा असलेली तीन-चार कामं निवडावीत. शिवणकाम, हिशेब, घराची दुरुस्ती, पत्ते खेळणं, काहीही. आजार पहिल्यांदा दिसतो तो तिथे. शिवणयंत्रावर बसणारी बाई ‘कंटाळा आला’ म्हणून बसेनाशी झाली की विचारा: कंटाळा आला, की दोरा ओवायचा क्रम सुटला?

तसंच कारणही वेगळं काढावं लागतं. गुडघे दुखतात म्हणून बाजारात जात नाहीत, मोतीबिंदूमुळे वाचत नाहीत, अर्धांगामुळे बटणं लागत नाहीत, हे आजाराच्या तीव्रतेत धरायचं नाही. फक्त विसरल्यामुळे, न समजल्यामुळे, क्रम सुटल्यामुळे जे गेलं तेच मोजायचं. कधी दोन्ही कारणं एकत्र असतात. तेव्हा एक प्रश्न कामाला येतो: ‘गुडघे ठणठणीत असते तर एकट्या जाऊन, पैसे देऊन, बरोबर वस्तू घेऊन परत आल्या असत्या का?’

आता मोजपट्ट्यांकडे. यांत घोळ फार होतो, कारण सगळ्या ‘घरच्यांनी भरायच्या’ असल्या तरी प्रत्येकीचं काम वेगळं. एडी-८ ही आठ प्रश्नांची यादी आणि आयक्यूकोड ही जुनी प्रश्नावली (१९८९, मूळ २६ प्रश्न, छोटी आवृत्ती १६) या ‘डिमेन्शियाची शंका घ्यावी का’ हे सांगतात. एडी-८मध्ये दोन किंवा जास्त ठिकाणी ‘हो, बदल झालाय’ आलं तर पुढे तपासावं. आयक्यूकोडमध्ये दहा वर्षांपूर्वीशी तुलना करून १ ते ५ गुण देतात, ३ म्हणजे फरक नाही, आणि सरासरी साधारण ३.३ ते ३.६च्या पुढे गेली की शंका घेतात. शिक्षणाचा परिणाम यावर कमी होतो, हा मोठा फायदा. पण यांवरून ‘मध्यम’ की ‘तीव्र’ हे काढायला जाऊ नये. त्यासाठी त्या बनवलेल्याच नाहीत.

पायरी ठरवायला मुख्यतः दोन साधनं आहेत. पहिलं सीडीआर (क्लिनिकल डिमेन्शिया रेटिंग), १९८२ साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेलं. यात सहा कप्पे: स्मरणशक्ती, दिशा-काळाचं भान, निर्णय आणि अडचणी सोडवणं, घराबाहेरचे व्यवहार, घरकाम आणि छंद, स्वतःची निगा. प्रत्येकाला ० (काही बिघाड नाही), ०.५ (अतिसौम्य), १ (सौम्य), २ (मध्यम) किंवा ३ (तीव्र). निगेच्या कप्प्यात ०.५ नाही, तिथे एक तर सगळं स्वतः करतात, नाहीतर निदान आठवण करून द्यावी लागते. एकूण पायरी सरासरी काढून येत नाही. स्मरणशक्तीचा कप्पा मुख्य धरतात. बाकीच्या पाचांपैकी तीन किंवा जास्त त्याच्याइतकेच असतील तर पायरी स्मरणशक्तीचीच. तीन किंवा जास्त त्याच्या एका बाजूला, म्हणजे सगळेच वर किंवा सगळेच खाली असतील, तर त्या बाजूला जो आकडा बहुसंख्य तो. मात्र तीन एका बाजूला आणि दोन विरुद्ध बाजूला पडले तर पुन्हा स्मरणशक्तीचाच आकडा.

तुमच्याकडे काय घडलं असावं ते आकड्यांत मांडून बघा. भावाने सांगितलं त्यावरून समजा स्मरणशक्ती १, भान ०.५, निर्णय ०.५, बाहेरचे व्यवहार ०.५, घरकाम ०.५, निगा ०. पाचही कप्पे स्मरणशक्तीच्या खाली, त्यांत बहुसंख्य ०.५, पायरी ०.५, म्हणजे अतिसौम्य. तुमच्या सांगण्यावरून स्मरणशक्ती १, भान १, निर्णय १, बाहेरचे व्यवहार १, घरकाम २, निगा १. पाचांतले चार स्मरणशक्तीइतकेच. पायरी १, सौम्य. कप्प्यांची नुसती बेरीज केली (० ते १८ मधून) तर एकीकडे ३ आणि दुसरीकडे ७. बेरजेचा उपयोग बदल टिपायला होतो. पायरी वर्षभर १वरच राहते, बेरीज मात्र ५ची ७ झालेली दिसते.

फरक नेमका कुठून आला? स्मरणशक्तीवर तुम्हा दोघांचं एकमत आहे, कारण तेच ते प्रश्न पुन्हा विचारणं पाहुण्यालाही ऐकू येतं. निगा, घरकाम, वेळेचं भान हे पाहुण्याला दिसत नाही. सीडीआरच्या सौम्य पायरीच्या वर्णनातच आहे की वरवर पाहणाऱ्याला व्यक्ती ठीक वाटते. भाऊ येतो तेव्हा आई तयार होऊन बसलेली असते, आणि तिला तयार तुम्ही केलेलं असतं. तो खोटं सांगत नाही. त्याला दिसतं ते तो सांगतो.

दुसरं साधन म्हणजे फास्ट (फंक्शनल असेसमेंट स्टेजिंग), रोजची कामं कोणत्या क्रमाने सुटतात ते पाहणारं, सात पायऱ्यांचं. ४ म्हणजे पैशाचा हिशेब, पाहुण्यांची सरबराई यांसारखी गुंतागुंतीची कामं जड जाणं. ५ म्हणजे हवामानाला, प्रसंगाला साजेसे कपडे स्वतः निवडता न येणं. ६चे पाच पोटभाग: कपडे घालता न येणं, अंघोळ, शौचानंतरची स्वच्छता, लघवीवरचा ताबा, शौचावरचा ताबा, याच क्रमाने. ७मध्ये आधी बोलणं पाच-सहा शब्दांवर येतं, मग एका शब्दावर. त्यानंतर चालणं, बसणं, हसणं, मान धरणं. अल्झायमरमध्ये हा क्रम बहुधा पाळला जातो, आणि त्यातच याची खरी किंमत आहे. हिशेब अजून जमतोय पण लघवीवरचा ताबा गेलाय, असं उलटं दिसलं तर पायरी ६ लिहून मोकळं होऊ नये. लघवीचा जंतुसंसर्ग, प्रोस्टेट, एखादं औषध किंवा मेंदूतलं दुसरंच काही, याचा शोध घ्यावा. काही वेळा ते बरं होण्यासारखं असतं.

वागण्यातले बदल वेगळे मोजतात. एनपीआय (न्यूरोसायकियाट्रिक इन्व्हेंटरी) या घरच्यांच्या मुलाखतीत भास, संशय, चिडचिड, उदासीनता, झोप अशा १२ गोष्टी असतात. प्रत्येकीची वारंवारता (१ ते ४) गुणिले तीव्रता (१ ते ३), आणि त्याने घरच्यांना किती त्रास होतो हे ० ते ५ वेगळं. हे तीन आकडे घरच्या माणसाच्या मनात एक झालेले असतात. रात्री तीनदा उठवणारी आई मुलीला ‘फार पुढे गेलेली’ वाटते. दिवसभर भिंतीकडे बघत गप्प बसणारे वडील ‘त्रास नाही हो त्यांचा’ म्हणून हलके धरले जातात. बऱ्याचदा पायरी याच्या नेमकी उलट असते. घरच्यांची दमणूक खरी आहे, मोजायलाही हवी, पण तिची मोजपट्टी वेगळी (झरिट यांची २२ प्रश्नांची आहे). आजाराच्या आकड्यात ती मिसळू देऊ नये. दमलेला, खचलेला माणूस नकळत सगळंच अधिक काळं रंगवतो.

मुलाखत घेणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. आधी माहिती देणाऱ्याशी, मग रुग्णाशी, आणि दोघांशी वेगळं बोलायचं. आईच्या समोर ‘हिला कपडे बदलायचं कळत नाही’ असं कोणी सांगू शकत नाही. आणि सांगितलं तर ती दुखावते, पुढची तपासणी बिघडते. माहिती देणाऱ्याकडून गेल्या आठवड्यातला आणि गेल्या महिन्यातला एकेक प्रसंग तपशिलासह घ्यायचा: कोण आलं होतं, कुठे गेलो, किती वाजता, परत कधी आलो. मग तोच प्रसंग रुग्णाला विचारायचा. ‘आठवतं का हो तुम्हाला’ या प्रश्नापेक्षा इथे खरं कळतं, कारण उत्तर पडताळता येतं. घरच्यांनी जन्मगाव, शाळा, लग्नाचं साल हेही लिहून न्यावं. त्याशिवाय जुन्या आठवणी तपासता येत नाहीत.

माहिती कोणाची घ्यावी? रोजचा सहवास असलेल्याची, आधीचं आयुष्य माहीत असलेल्याची. दोन्ही एकाच माणसात नसेल तर दोघांची घ्या. पगारी काळजीवाहकाला आजचा दिवस तासातासाने ठाऊक असतो, पण पाच वर्षांपूर्वीची व्यक्ती त्याने पाहिलेली नसते. वयस्कर जोडीदार बऱ्याचदा झाकतो. काही मुद्दाम नाही, पन्नास वर्षांच्या सवयीने दोघांची कामं एकमेकांत मिसळलेली असतात. आणि जोडीदाराला स्वतःलाही विसर पडत असेल तर त्याच्या माहितीवर पायरी उभी करू नये. फोनवरून रोज बोलणाऱ्या मुलाला डिमेन्शिया सगळ्यात उशिरा कळतो: ‘जेवलीस का, बरी आहेस ना’ हे संभाषण आजारातही फार काळ शाबूत राहतं. मालमत्तेचा वाद असेल तर दोन्ही बाजूंची उत्तरं नीट पारखून घ्या. दोन माणसांची उत्तरं जुळली नाहीत तर सरासरी काढू नका. कप्पा उघडून विचारा: ‘तुम्ही हे शेवटचं कधी पाहिलं?’ ज्याने प्रत्यक्ष पाहिलंय त्याचं वजन जास्त.

काही वेळा पायरी ठरवायचीच नसते. चार-आठ दिवसांत एकदम घसरण झाली, दिवसा गुंगी आणि रात्री गोंधळ सुरू झाला, तर तो डिमेन्शिया पुढे सरकलेला नाही असंच आधी धरा. संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवीन गोळी, पडल्यावर डोक्याला लागलेला मार, असं काहीतरी बहुधा मागे असतं, आणि ते तातडीने दाखवायचं असतं. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवीच्या तक्रारीवरच्या काही गोळ्या स्मृती आणखी धूसर करतात. नैराश्याने गळून गेलेली व्यक्तीही सगळं सोडून बसते. त्या काळातली उत्तरं फॉर्ममध्ये भरली तर पायरी एक घर वर जाते आणि नंतर कोणी ती खाली आणत नाही. प्रकृती सावरल्यावर काही आठवडे जाऊ द्या, मग मोजा.

डिमेन्शियाच्या प्रकारानुसारही खाचखळगे आहेत. ल्युई बॉडी प्रकारात सकाळ चांगली आणि दुपार धुकट असते. एका दिवसावरून सांगू नका, गेल्या चार आठवड्यांचा सर्वसाधारण दिवस सांगा आणि चढ-उतार वेगळे नोंदवा. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात स्मरणशक्ती बरीच शाबूत, पण वागण्याचा तोल गेलेला. स्मरणशक्ती मुख्य धरणारं सीडीआर तिथे आजार कमी दाखवतं. त्यासाठी वर्तन आणि भाषा असे दोन जादा कप्पे असलेली आवृत्ती वापरतात.

पुढच्या भेटीआधी दोन आठवडे वही ठेवा. मतं नकोत, घटना. ‘आज खूप विसरत होती’ असं लिहू नका. ‘मंगळवार, संध्याकाळी ६. घरातच असताना घरी जायचंय म्हणाली. समजावल्यावर १० मिनिटांत शांत. पुन्हा ८ वाजता.’ असं लिहा. आणि तुमच्यासाठी एक खास काम: धोका नसलेल्या दोन-तीन गोष्टींत हात मागे घेऊन पहा. कपडे काढून ठेवू नका, कपाट उघडं ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. तुमच्या घाईमुळे आई न करता बसत असेल तर तुमचा १ चा निगेचा कप्पा ० निघेल. नाही जमलं तर तो निदान १ आहेच, आणि भावाला ते एकदा दाखवता येईल. गॅस, औषधं, रस्ता यांत मात्र हा प्रयोग करू नका.

सध्याच्या माहितीवर मी तुमची पायरी, म्हणजे १, धरेन. पुढचं मोजमाप सहा महिन्यांनी, त्याच साधनाने आणि शक्यतो तुमच्याच तोंडून. भावाने त्याआधी चार दिवस सलग आईजवळ राहावं, तुम्ही घरात नसताना.